एकच झांज

दीडशे वर्षं जुन्या त्या ऑर्केस्ट्रात अप्पांनी आयुष्यभर झांज वाजवली; आता त्याच खुर्चीत त्यांचा मुलगा बसायचा. हंगामाच्या शेवटच्या सिंफनीत झांज एकदाच, म्हणजे अगदी एकदाच वाजायची. तोवर पाऊण तास जागचं न हलता मनात मात्रा मोजायच्या.

आज मोजता मोजता खिशातला फोन थरथरला. मांडीआड धरून त्याने बहिणीचा मेसेज वाचला: "अप्पांचं काही खरं नाही. लगेच ये."

मागे भिंत, पुढे ऐंशी वादक, त्यापुढे खच्चून भरलेलं सभागृह. उठून जाणार कुठून? तो पुन्हा मोजायला लागला, पण आकडा केव्हाच निसटला होता. कंडक्टरने झांजेसाठी मान वर करून पाहिलं, तेव्हा झांज त्याच्या मांडीवरच होती; ती मात्रा तशीच निघून गेली.

कार्यक्रम संपताच काळ्या कोटातच तो दवाखान्यात धावला. बहीण दारात उभी होती.

"रेडिओवर तुमचाच कार्यक्रम लावला होता," ती म्हणाली. "बोटांवर मात्रा मोजत होते. म्हणाले, 'पोराची झांज ऐकली की मी सुटलो.'"

"गेले?"



"जातायत कसले! अजून मोजतायत."