एनोराच्या गळ्यातील बिल्ला

"आता कोणता ऋतू चालू आहे, बाई?" डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारले.

नव्वदीच्या जानेद ल फ्लोकने खिडकीकडे पाहिले. बाहेर मजूर सफरचंदे उतरवत होते; ऋतू तिला ठाऊक होता. पण पंधरवड्यापूर्वीच्या झटक्यानंतर फ्रेंच नुसती समजत होती, जिभेवर येत नव्हती. जिभेवर उरली होती ती आईची गावाकडची भाषा, ब्रेतॉन. आणि ती साहेबासमोर बोलायची नसते.

"नवऱ्याचं नाव तरी आठवतंय, की मुद्दामच विसरलात?" डॉक्टर हसले. त्यांनी कागदावर शून्य मांडले. आणखी एक शून्य, की तिची रवानगी स्मृती गेलेल्यांच्या कुलूपबंद मजल्यावर. सुनेने सकाळीच संमती दिली होती.

तेवढ्यात परिचारिका एनोरा आत आली. "आजी, आपल्या भाषेत सांगा ना!" ती चक्क ब्रेतॉनमध्ये म्हणाली; ही भाषा ती वर्ग लावून शिकली होती. तिच्या गळ्यात फितीला नवा बिल्ला लोंबत होता. ब्रेतॉन बोलणारे माणूस ओळखू यावे म्हणून तो तिला समारंभपूर्वक मिळाला होता.

बिल्ला दिसताच जानेदने हात पांघरुणाखाली लपवले. ब्रेतॉन बोलणारे मूल ओळखू यावे म्हणून तिच्या लहानपणी शाळेतही गळ्यात असेच अडकवीत: एक फुटका लाकडी जोडा. दुसऱ्या कुणाला ब्रेतॉन बोलताना पकडले, तरच तो त्याच्या गळ्यात जाई. म्हणून मुले एकमेकांना गोड बोलून बोलते करीत. शेवटच्या घंटेला तो ज्याच्या गळ्यात सापडे, त्याच्या बोटांवर छड्या. प्रजासत्ताकाची समता शिकवण्याची ही पद्धत मोठी काटकसरीची होती: गुन्हेगार मुलेच, पहारेकरीही मुलेच.

ही पोरही गोडच बोलत होती. जानेदने ओठ घट्ट मिटले.

"बोला ना, आजी!" एनोरा पलंगाच्या कडेवर हात टेकून वाकली. "पाच वाजत आले. माझी ड्यूटी संपते आता."

डॉक्टरांनी पेन टेकवले. जानेदने भिंतीवरचे घड्याळ पाहिले, मग पलंगाच्या कडेवरचे एनोराचे हात. ती पुढे सरकली आणि तिने मान वाकवली.

"आण इकडे," ती ब्रेतॉनमध्ये म्हणाली. "घंटा व्हायच्या आत घाल माझ्या गळ्यात, पोरी. तुझी बोटं अजून कोवळी आहेत."