इंजिनाखालची नवी रबरं

जयवंतअण्णा खराड्यांची थोरली नात बोलायला लागली, त्या वर्षी अण्णांनी आपल्या भाड्याच्या गाडीची इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग, म्हणजे त्यांच्याखालची रबरं, बदलली. जुन्यांसारखीच हीसुद्धा शिकणारी रबरं होती. गाडीतली प्रत्येक थरथर ओळखून ती तिला उलटा दाब देत आणि शांत करत. पण नवी रबरं बसली आणि मधूनच 'ठक' असा आवाज येऊ लागला.

सिकंदर मेकॅनिकने बोल्ट ढिले केले, चालू इंजिन जागेवर बसू दिलं आणि पुन्हा आवळले. त्याने गाडी फिरवली, आवाज नाही. अण्णांच्या बायकोने, इंदुमतीने फिरवली, तरी नाही.

"अण्णा, गाडीला तुम्हीच नकोसे झालात," सिकंदर म्हणाला. मग त्याने इंजिन बंद करून अण्णांना नुसतं सीटवर बसवलं. ठक.

त्याने अण्णांची नाडी धरली आणि त्याचं हसू गेलं. "रबर तुमच्या काळजाच्या ठोक्याची वाट बघतंय. ठोका चुकला की त्याचा दाब रिकामा जातो. जुनी रबरं तुमचे चुकलेले ठोकेसुद्धा शिकली होती."

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला," इंदुमती म्हणाली.

"लग्नसराई संपू दे गं. सिकंदर, तोवर जुनीच बसव. नवरीच्या गाडीत ठकठक बरी दिसते का?"

सिकंदरने नकार दिला. दुसऱ्या गॅरेजने बसवून दिली. गाडी अगदी शांत झाली.

जयवंत खराडे त्याच वैशाखात, अक्षय्य तृतीयेच्या दुपारी, मांडवाबाहेर उभ्या केलेल्या गाडीत वारले.