विरजणाचा ताबा

फ्रिजमधलं दह्याचं भांडं सीलबंद करून बेलिफने शलाकापुढे जंतू मारणारी गोळी आणि पाण्याचा ग्लास ठेवला.

“पोटातले जंतूसुद्धा साहेबांच्याच मालकीचे आहेत, मॅडम. कोर्टाचा हुकूम आहे.”

सात वर्षं ती आणि निखिलेश लग्नाशिवाय एकत्र राहिले होते. पोटात राहून इन्सुलिन तयार करणारे हे जंतू त्याने तिच्या मधुमेहासाठीच बनवले. रोज त्यांचं दही तिने लावलं, सुरुवातीच्या उलट्याही तिनेच सोसल्या. पेटंटची नोंदणी मात्र त्याच्या एकट्याच्या नावावर होती. वेगळं होताना तिच्या वाट्याला सोफा आला आणि त्याच्या वाट्याला विरजण. ते तो कंपनीला विकणार होता, त्यामुळे बाहेर कुणाकडे चमचाभरही राहून चालणार नव्हतं.

ती गोळी खरंच गिळते का, हे निखिलेश निरखून पाहत होता. याच माणसाचं उष्टं आपण आवडीने खात होतो, हे तिला आठवलं. गोळी गिळून तिने जीभ बाहेर काढून दाखवली. उद्यापासून पुन्हा इंजेक्शनं.

“आणखी कुणाला विरजण दिलंय?” बेलिफने विचारलं. “त्यांनाही गोळी द्यावी लागेल.”

“एकीलाच. मिरजेला, याच्या आईला. ऐंशीच्या आहेत. त्यांची इंजेक्शनं या दह्यानेच सुटली.”

बेलिफचं पेन थांबलं. त्याने निखिलेशकडे पाहिलं.

“लिहा,” निखिलेश म्हणाला. “पत्ता मी सांगतो.”