डाव्या कानाची खूण

"हा मासा आहे," पुण्याहून आलेले परीक्षक म्हणाले आणि त्यांनी झेरॉक्सवर बोट टेकवलं.

झेरॉक्स होता कोळवे बंदरातल्या जकातीच्या वहीचा. कोकणातलं एवढंसं बंदर, दोनशे वर्षांपूर्वीची वही. गलबतात चढणाऱ्या मालाची कारकुनानं नोंद ठेवली होती : माल काय, जाणार कुठं, धनी कोण. मस्कतला निघालेल्या घोंगड्यांच्या गाठींपुढं मात्र धन्याचं नाव नव्हतं. कारकुनानं गाठीवरची खूण तेवढी उतरवून घेतली होती.

त्या घोंगड्या इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याच्या धनगरांच्या, असं राजनंदिनीचं म्हणणं. बारामतीच्या कॉलेजातला तिचा तीन वर्षांचा एम.फिल.चा प्रबंध त्या एका खुणेवर उभा होता. वरकुट्याच्या धनगरवाड्यातून इथवर पोचलेली ती पहिलीच मुलगी. खूण पडली की प्रबंध पडला, आणि प्रबंध पडला की गावात तोंड दाखवायची सोय नाही.

"निमुळतं अंग, खाली दोन पर, शेवटी दुभंगलेली शेपटी," परीक्षक सांगत होते. "मासा म्हणजे कोळी. गाठी कोळ्यांच्या. इंदापूर कुठं, समुद्र कुठं! उचलली जीभ लावली टाळ्याला, असं इतिहासात चालत नाही."

"सर, तो मासा नाही. कान आहे. आमच्या मेंढ्यांचा. मेंढ्यांची खूण तीच घोंगड्यांच्या गाठींची."

परीक्षक हसले. माणूस वाईट नव्हता, पण आपलंच बरोबर असायची त्याला सवय लागली होती.

"तुम्ही चित्र आधी पाहिलंत. कान मागून सुचला."

"म्हणूनच मी आजोबांना हे पान दाखवलेलं नाही. साक्षीदाराला आधी कागद दाखवायचा नसतो, हे मी तुमच्याच व्याख्यानात ऐकलं होतं." तिनं झेरॉक्स पालथा घातला. "ते बाहेर बसलेत. बोलावू?"

आता नाही कसं म्हणणार?

सिद्धू आबा खांद्यावरची घोंगडी सावरत आत आले. वय ऐंशीच्या पुढं. खुर्ची दिली तर म्हणाले, "नगं, हितंच बरं हाय," आणि भिंतीला टेकून खाली बसले. राजनंदिनीला धडकी भरली. एखादी गोष्ट आबा आताशा दोनदा सांगत आणि दोन्ही वेळा वेगळी सांगत.

"आबा, कोकणात कधी गेला होता का?" परीक्षकांनी विचारलं.

"कधी म्हंजी? दर साल. दिवाळी झाली की घाट उतरायचा. खाचरात खतासाठी मेंढरं बसवायची, बदल्यात भात घ्यायचं, घोंगडी इकायची. माझा बा जायचा, त्येचा बा जायचा."

परीक्षकांनी चष्मा पुसला. "बरं. तुमच्या मेंढ्यांच्या कानाला खूण असते म्हणे. कशी असते?"

"कंच्या कानाला?"

"कुठल्याही."

"कुठल्याही कशी? उजवा कान देवाचा. त्येला आमी हात लावत न्हाय. खूण डाव्या कानाला."

"मग डाव्याची काढून दाखवा." परीक्षकांनी पेन पुढं केलं.

आबांनी पेनाकडं पाहिलं आणि कमरेची चंची सोडली. "ह्ये धरायला शिकलो असतो तर मेंढरं कुणी राखली असती?"

चंचीतून त्यांनी विड्याचं एक पान काढलं, मांडीवर पुसलं, देठ खुडला. मग अडकित्ता उघडला. खालच्या कडेला एक कातरा. थांबले. पान डोळ्यांजवळ नेलं. मग दुसरा कातरा, पहिल्याच्या शेजारी. आता तिसरा मारला तर सगळंच मुसळ केरात. अडकित्ता कडेवरून पुढं सरकला आणि पानाच्या शेंड्याला मधोमध चीर पडली.

"ही आमच्या वाड्याची. वरकुट्यात पाच वाडे, पाच खुणा. बापाची खूण लेकाला. बदलली तर आपलंच मेंढरू चोरीचं ठरतं, सायेब."

परीक्षकांनी झेरॉक्स सुलटा केला. त्याशेजारी पान ठेवलं. एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं. मग ते पान त्यांनी उचललं आणि माशाला अलगद भिडवलं. पान मोठं, चित्र लहान. पण दोन परांच्या जागी दोन कातरे आणि शेपटीच्या जागी चीर.

आबांनी मान लांब करून कागदाकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं, ह्ये तर आपलंच हाय की! कुठं घावलं?"

"समुद्रावर, आबा," राजनंदिनी म्हणाली. इतका आनंद तिला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

परीक्षकांनी प्रबंध ओढला, शेऱ्याच्या पानावर स्वतःच लिहिलेला 'मासा' खोडला आणि वर ठसठशीत अक्षरात 'कान' लिहिलं. खाली एक ओळ घातली : ही खूण वरकुट्याच्या धनगरांची, साक्षीदार सिद्धू आबा. मग शाईचा पॅड आबांपुढं सरकवला.

"इथं अंगठा द्या, आबा."

आबांनी अंगठा पुढं केला. राजनंदिनीनं तो हळूच बाजूला केला.

"अंगठा कशाला, आबा? तुमची खूण हाय की."

तिनं विड्याचं पान पॅडवर दाबलं आणि आबांच्या हातात दिलं. आबांनी ते कागदावर ठेवलं. कोकराचा कान ते चिमटीत धरत, हा मात्र अख्ख्या तळव्यानं दाबला.

पान उचललं तेव्हा कागदावर निळा कान उमटला होता. परीक्षकांनी त्याच्या खाली सही केली.