अकराने भाग जाणारा नंबर

शेजारच्या वहिनींनी खिडकीच्या गजांतून मोबाइल आत सरकवला. “वैजू, एकच फोन लाव. चुकीचा लागून उलटा फोन आला, तर आमचे हे मला जिवंत सोडायचे नाहीत.”

दाराला बाहेरून कुलूप होतं आणि सासू देवळातून कधीही परतली असती. नवऱ्याने वैजूचा मोबाइल फोडला त्याला सहा महिने झाले होते. वडिलांच्या नव्या नंबरचे नऊ आकडे तिला पाठ होते. दहावा काही केल्या आठवेना.

आप्पा गणिताचे मास्तर. नंबर घेतला त्या दिवशी पोरासारखे हरखले होते. “याला अकराने पूर्ण भाग जातो गं! एखादा आकडा विसरलीस तरी शोधता येईल.” ती तेव्हा हसली होती.

तिने परातीत पीठ पसरलं आणि बोटाने त्यात भागाकार मांडला. नऊ आकडे संपले तेव्हा बाकी सात उरली. सातापुढे कोणता आकडा आला की अकराने भाग जाईल? सत्त्याहत्तर!

तिने शेवटचा सात दाबला. बाहेर फाटक करकरलं. वहिनींचा नंबर अनोळखी होता, तरी पहिल्याच रिंगला आप्पांचा आवाज आला, “वैजू, तूच ना गं?”