क्लचवरचा ठोकळा

मंगळवार, चार फेब्रुवारी, सकाळी दहा वाजता, अमरावतीच्या बडनेरा रस्त्यावरील गॅरेजात नत्थुजी मिस्त्रींनी साठ वर्षांपूर्वीची फियाट पुन्हा नव्यासारखी करण्यासाठी सुटी करावयास घेतली. कारखान्यातून न आलेला भाग परत गाडीत चढवायचा नाही, हा त्यांचा नेम. म्हणून क्लचच्या पेडलवर बसवलेला बाभळीचा ठोकळा उतरवून त्यांनी त्यावर ‘फेकणे’ अशी चिठ्ठी लावली. “तो नका फेकू. नीलमच्या बाबानं माह्यासाठी घडवला,” गाडीच्या मालकीण, पंचाहत्तरीच्या ठेंगण्या आशाबाई लेकीच्या नावाआडून नवऱ्याचा उल्लेख करत म्हणाल्या. “कारखान्यात बाभूळ नसते, बाई!” “अन् कारखान्याले माही उंची ठाऊक होती काय?” असे म्हणून त्या चालकाच्या जागी बसल्या, पाऊल पेडलच्या दोन बोटे अलीकडेच लोंबकळत राहिले. नत्थुजींनी ठोकळा निरखला. तो मधोमध त्याच पावलाएवढा गुळगुळीत झिजला होता. चिठ्ठी फाडून ते म्हणाले, “पेडल गंजलं, ते बदलू, ठोकळा हाच राहीन.”