डावी बाजू

"आई, खोली बदलायची आहे. आजच. उजव्या बाजूला हवा चांगली येते," असं म्हणत वैद्यबुवा आईचे कपडे पिशवीत कोंबू लागले.

वैद्यबुवा हे नाव त्यांना कचेरीतल्या मंडळींनी दिलं होतं. माणसाची नाडी त्यांना कळत नसे, भिंतीची कळे. त्यांनी तयार केलेल्या सिमेंटमध्ये केसाहून बारीक असे कार्बनचे तंतू असत आणि त्यांतून हलकीशी वीज खेळत असे. खांबावर ताण आला, आत तडा गेला, की ती वीज अडखळायची आणि कचेरीतल्या पडद्यावरची रेघ वर चढायची. वृद्धाश्रमाची ही इमारत म्हणजे त्या सिमेंटचं पहिलं अपत्य. म्हणून तर त्यांनी आईला मोठ्या हौसेने इथे आणून ठेवलं होतं.

गेले काही आठवडे डाव्या बाजूच्या खांबाची रेघ चढत होती.

"मला हवा नको, मला ही हवी," आईने समोरच्या पलंगाकडे बोट दाखवलं. तिथे तिची सोबतीण बसली होती. सगळा आश्रम तिला मावशी म्हणे. "हिचं घोरणं ऐकल्याशिवाय मला झोप लागत नाही."

"कोण घोरतं ते अख्ख्या मजल्याला ठाऊक आहे," मावशी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "वैद्यबुवा, मलाही न्या की तिकडे. माझं ओझं ते किती! चार कपडे आणि एक कवळी."

वैद्यबुवांचा हात पिशवीतच थबकला. दोघींना हलवलं तर तिसरी कारण विचारणार. मग चौथीचा मुलगा विचारणार.

"तिकडे एकच पलंग रिकामा आहे, मावशी."

पलंग सहा रिकामे होते.

दोघी म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून दारापर्यंत आल्या. "रोज चहाला ये गं," आई म्हणाली. वैद्यबुवांनी पिशवी उचलली आणि पुढे चालू लागले.

जिन्यात व्यवस्थापक भेटला. "काय, तब्येत कशी आहे आमच्या इमारतीची?"

"ठणठणीत."

चूक कुठे झाली ते त्यांना चांगलं कळलं होतं. खूण ठळक उमटावी म्हणून त्यांनी सगळ्यांचा विरोध डावलून तंतू जास्त घातले होते. त्यांच्या गुठळ्या झाल्या आणि गुठळ्यांभोवती पोकळ्या राहिल्या. खांब त्यांच्याच हट्टाने पोखरला होता. आणि याच महिन्यात नव्या इस्पितळांसाठी हे सिमेंट घ्यायचं की नाही, ते ठरायचं होतं. एकदा होकार आला की रंगकामाच्या निमित्ताने डावी बाजू रिकामी करायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. तोवर खांब तग धरील. धरायलाच हवा.

खांबांपासून पडद्यापर्यंतच्या तारा बसवणारी, त्यांच्याच हाताखालची मुलगी आता दुसऱ्या गावी नोकरीला होती, पण रेघ तिला तिथूनही दिसे. खांबाबद्दल तिच्याशी एकदा बोलावं म्हणून त्यांनी फोन हातात घेतला होता. पण ती हुशार. माणसं हलवलीत का, असं विचारलं असतं तिने. त्यांनी फोन खाली ठेवला.

होकार आला. बैठकीच्या खोलीत लोक त्यांची पाठ थोपटत होते, तेवढ्यात व्यवस्थापकाचा फोन आला. त्याला नीट बोलता येत नव्हतं. "एक बाजू... पूर्ण खाली आली हो! कुणी वाचलेलं नाही!" मागे आरडाओरडा होता. फोन बंद पडला.

वैद्यबुवा गाडीत मागे जाऊन बसले. मावशीचा चेहरा आठवला आणि त्यांना रडू फुटलं. ते रडू खरं होतं. पण सुटल्यासारखं वाटलं, तेही खरं होतं. आई वाचली.

रस्ता लांबचा होता. डोळे पुसून त्यांनी विचार केला. चौकशी होणार. रेघ पाहिलेली माणसं दोनच, आणि त्यांतली एक ते स्वतः. त्यांनी त्या मुलीला फोन लावला.

"आश्रमाची एक बाजू कोसळली आहे. नीट ऐक. कुणी विचारलं तर सांगायचं, रेघ शेवटपर्यंत सरळ होती."

"सर, मी अधूनमधून इथून बघत होते," ती हळूच म्हणाली. "रेघ चढतेय म्हणून तुम्हाला दोनदा कळवलंही होतं. मला वाटलं, तुम्ही माणसं हलवली असतील."

"हलवली असती गं. वेळच मिळाला नाही. डाव्या बाजूचं कुणीच वाचलं नाही."

"डाव्या? म्हणजे फाटकातून आत शिरताना डाव्या हाताला?"

"हो, तीच."

"ती कशी पडेल, सर?" ती गोंधळून म्हणाली. "तारा मी मागच्या बागेतून ओढल्या, खांबांचा नकाशाही तिकडूनच काढला. पडद्यावरची डावी म्हणजे फाटकातून येणाऱ्याची उजवी."